मानवी चूक कोणाच्या खाती?

(नांदेड येथे वीज व आरोग्य खात्यांतील कामगार-कर्मचाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. लातूर येथेही हेच विवेचन थोड्या फरकाने मांडले होते.)



आपण मला ह्या विषयावर बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी अर्थशास्त्राचा मास्तर. ब्रेकर कसा पडतो आणि रोहित्र का जळते हे समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. परंतु रुग्णालय, पाणीपुरवठा, रेल्वे अशा ठिकाणची वीज कोणाच्या तरी हातून चुकीने बंद होते, माणसे दगावतात किंवा शहर ठप्प होते, आणि मग एका ओळीचे निवेदन निघते की हा प्रकार मानवी चुकीमुळे घडला, तेव्हा प्रश्न तारांपुरता राहत नाही. तो हिशेबाचा होतो. कोणत्या खर्चात कोणी काटकसर केली आणि तिची वसुली कोणाकडून झाली हा तो हिशेब आहे. तेवढ्यापुरताच माझा अधिकार.

आरंभी माझीच एक चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथे दिवाळीच्या सुटीपूर्वी परीक्षेचे काम आटोपून सर्वांत शेवटी मीच बाहेर पडलो. सुटीत शॉर्टसर्किट होऊन उत्तरपत्रिका जळू नयेत ह्या सद्‌हेतूने मी जिन्याखालच्या फळीवरचा मुख्य खटका खाली ओढला आणि निर्धास्त मनाने घरी गेलो. त्याच तारेवर जीवशास्त्र विभागातील शीतपेटी होती आणि तीत एका सहकाऱ्याचे दोन वर्षांच्या संशोधनाचे नमुने होते. सुटी संपून खोली उघडली तेव्हा दुर्गंधी सुटलेली होती. चौकशी झाली, आणि ज्याच्याकडे किल्ल्या असत त्या शिपायाला मेमो मिळाला. मी प्राचार्यांना खरे काय ते सांगितले, पण चार दिवसांनी सांगितले. ते चार दिवस मला आजही टोचतात. तरीही मेमो मागे घेतला गेला नाही. कुलूप लावण्यापूर्वी सर्व पाहणे हे शिपायाचे काम आहे, असे उत्तर मिळाले. शीतपेटीला स्वतंत्र जोडणी का नव्हती, खटक्याशेजारी दोन शब्दांची पाटी का नव्हती, हे कोणीच विचारले नाही. मीही विचारले नाही. पाटीला चार आणे लागले असते, स्वतंत्र तारेला काही शे रुपये. मेमोला मात्र काहीच खर्च येत नाही.

अगदी ह्याच जातीची घटना पुढे अमेरिकेत घडली. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील रेन्सेलर पॉलिटेक्निक ह्या नामांकित संस्थेत सप्टेंबर २०२० मध्ये उणे ८० अंशांवर ठेवलेल्या शीतपेटीची धोक्याची घंटा काही दिवस वाजत होती. दुरुस्तीचा दिवस ठरलेला होता, तो यावयाचा होता. मध्यंतरी सफाई कामगाराने तो कर्कश आवाज थांबावा म्हणून भिंतीवरचा खटका फिरवला. आपण वीज चालू करीत आहोत अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात ती बंद झाली. वीस वर्षांहून अधिक काळचे संशोधन गेले. २०२३ साली संस्थेने दहा लाख डॉलरांहून अधिक नुकसानीचा दावा लावला, तो त्या कामगारावर नव्हे, तर सफाईचे कंत्राट घेतलेल्या कंपनीवर. आणि कारण दिले की तिने आपल्या माणसांना योग्य शिक्षण दिले नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरी निदान इतके मान्य झाले की खटका फिरवणाऱ्या हातामागे त्याला न शिकवणारा मालक असतो. पण घंटा दिवसेंदिवस वाजत असताना दुरुस्ती लांबवणारी संस्था स्वतः कोठे येते, हा प्रश्न तेथेही उरतोच.

आता आपल्या राज्याकडे येऊ. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली. महासाथीचा काळ होता. अत्यावश्यक सेवेतील माणसांना घेऊन धावणाऱ्या लोकल गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, रुग्णालये जनित्रांवर आली. मुलुंडच्या एका खाजगी रुग्णालयात त्या संध्याकाळी जनित्रालाच आग लागली आणि आजाऱ्यांना दुसरीकडे हलवावे लागले. रेल्वे काही तासांत हळूहळू सुरू झाली. उपनगरांतील काही वस्त्यांना रात्रीपर्यंत वाट पाहावी लागली.

कारण काय? तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनी घातपाताची शंका बोलून दाखविली. पुढे १ मार्च २०२१ रोजी राज्याच्या गृहमंत्र्यांनी परकीय संगणकी हल्ल्याचा अहवाल पुढे केला. लगेच दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंग ह्यांनी सांगितले की हल्ल्याचे प्रयत्न झाले होते, पण मुंबईच्या अंधाराशी त्यांचा संबंध नाही. तो मानवी चुकीने झाला. वृत्तपत्रांनी ह्यात केंद्र-राज्य कुस्ती पाहिली. मला मात्र दोन्ही उत्तरांत एक विलक्षण साम्य दिसले. एका उत्तरात दोषी सीमेपलीकडचा अज्ञात इसम होता, दुसऱ्यात उपकेंद्रातला अज्ञात इसम. धोरण ठरवणारी माणसे दोन्ही उत्तरांत कोठेच नव्हती.

वस्तुतः मुंबईत वीज आणणाऱ्या मोठ्या वाहिन्या मोजक्याच. त्यांपैकी एखादी बंद असताना दुसरी पडली की उरलेल्यांवर न पेलणारा भार येतो. अशा वेळी बाहेरचे जाळे कोसळले तरी शहर स्वतःच्या विजेवर तग धरून राहावे म्हणून १९८० च्या दशकारंभापासून मुंबईसाठी विलगीकरणाची, म्हणजे बेटासारखे अलग होण्याची योजना होती. त्या दिवशी ते बेट टिकले नाही. कसे टिकणार? शहराच्या हद्दीतील वीजसंचांपेक्षा बाहेरची वीज स्वस्त पडते, म्हणून स्थानिक संच कमी भाराने चालवावयाचे किंवा बंद ठेवावयाचे हा रोजचा व्यवहार झाला होता. ग्राहकाला स्वस्त वीज मिळावी हे योग्यच. परंतु त्या स्वस्ताईत विम्याचा हप्ता भरावयाचा राहून गेला होता. खारघर ते विक्रोळी ही नवी ४०० किलोव्होल्टची वाहिनी कित्येक वर्षे कागदावर होती. ती कार्यान्वित झाली २०२३ साली, म्हणजे अंधारानंतर तीन वर्षांनी. वाहिनी वेळेवर न उभारणे ही मानवी चूक नव्हे काय? की ती करणारे मानव फार वरच्या मजल्यावर बसतात म्हणून तिला धोरणात्मक विलंब असे भारदस्त नाव मिळते?

२०१२ चा प्रसंग तर आपल्याच राज्यातील एका जिल्ह्याशी जोडलेला आहे. ३० जुलैच्या पहाटे उत्तर भारताचे जाळे कोसळले आणि ३१ जुलैला दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी एकदम गेली. सुमारे ६२ कोटी लोकांच्या प्रदेशात वीज नव्हती. दिल्लीची मेट्रो थांबली, बंगालमधील कोळसा खाणींत शेकडो कामगार अडकून पडले. चौकशीत आढळले ते असे: बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर जास्त भार आला होता, तिच्या जोडीची वाहिनी कामासाठी बंद ठेवलेली होती, राज्ये आपल्या वाट्याहून अधिक वीज ओढीत होती, आणि भार कमी करा ह्या प्रादेशिक भारप्रेषण केंद्राच्या सूचना त्यांनी मानल्या नाहीत. ह्यांतील प्रत्येक गोष्ट मानवी आहे. आणि ज्या ३१ जुलैला हा अंधार पडला त्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री, आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, गृहमंत्री झाले. त्यांच्या व्यक्तिगत दोषाविषयी मी बोलत नाही; तो अंधार त्यांनी पाडला नव्हता. पण गावातला फीडर दोन तास चुकीने बंद राहिला तर निलंबन कोणाचे होते, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता नांदेड आणि लातूर. आपली दोन्ही शहरे विजेवर पाणी पितात. नांदेडला गोदावरीचे पाणी विष्णुपुरीहून उचलून घ्यावे लागते. लातूरला ते मांजरा धरणावरून, कित्येक कोस दूर असलेल्या धनेगावहून येते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते लातूरकर विसरलेले नाहीत. ती आपत्ती पर्जन्याची होती आणि उसाच्या राजकारणाचीही होती. पण धरणात पाणी असतानाही पंपाची वीज गेली की रिकामी झालेली वाहिनी पुन्हा भरावयास तास लागतात, एका वस्तीची पाळी हुकते आणि मग मागच्या सर्व पाळ्या सरकतात. नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची ज्या शहराला सवय करून घ्यावी लागली, तेथे वीस मिनिटांची चूक गरिबाच्या घरी आठवडाभर पुरते. श्रीमंतांच्या घरी टाकी असते, बोअर असतो, इन्व्हर्टर असतो. चूक एकच असली तरी तिची किंमत ज्याच्या त्याच्या वर्गाप्रमाणे ठरते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत वीज खंडित झाल्याने होणारे नुकसान मोजण्याच्या अनेक रीती दिलेल्या आहेत. त्यांत कारखान्याचे बुडालेले उत्पादन मोजले जाते, हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईचा वेळ बहुधा मोजला जात नाही.

चूक घडते कशी, हे मी येथील काही कामगारांशी बोलून समजून घेतले. वाहिनीवर काम करावयाचे तर उपकेंद्रातील यंत्रचालकाकडून परमिट घ्यावे लागते. त्याने ब्रेकर उघडावा, तार अलग करावी, अर्थिंग करावे, क्रमांक नोंदवावा. आणि ज्याने परमिट घेतले त्याने ते स्वतः परत केल्याखेरीज पुरवठा सुरू करू नये. कागदावर ही पद्धत उत्तम आहे. व्यवहारात परमिट भ्रमणध्वनीवर मागितले जाते आणि भ्रमणध्वनीवर परत होते. वादळी पावसात एकाच वेळी चार ठिकाणी तारा तुटतात, ३३/११ के.व्ही.च्या उपकेंद्रात रात्रपाळीला माणूस एकटा असतो, पलीकडून गावाचे नाव नीट ऐकू येत नाही, आणि त्याच गावाचा एक गावठाण फीडर असतो नि एक कृषी फीडर. इकडे पुढाऱ्यांचे फोन चालू असतात: वीज केव्हा येणार? अशा वेळी चुकीचा फीडर बंद झाला तर रुग्णालय किंवा पाणीपुरवठा अंधारात जातो. चुकीचा फीडर सुरू झाला तर खांबावरचा माणूस जातो. पहिली चूक वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत येते, दुसरी आतल्या पानावर दोन ओळींत.

हा माणूस कोण? महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ होते तोवर तो बहुधा मंडळाचा कायम नोकर होता. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण, वितरण अशा कंपन्या झाल्या. मंडळाचा कारभार आदर्श होता असे मी म्हणणार नाही. एन्रॉनचे लोढणे त्याच मंडळाच्या गळ्यात बांधले गेले आणि त्याने ते निमूटपणे बांधून घेतले. परंतु विभाजनानंतर कायम जागा रिक्त ठेवावयाच्या आणि तीच कामे बाह्यस्रोताकडून करून घ्यावयाची ही रीत पक्की झाली. कागदोपत्री जनमित्र म्हणावयाचे आणि पगार मात्र कंत्राटदारामार्फत, तोही महिना उलटून. कंत्राटी मुलगा खांबावर चढावयास नाही म्हणू शकत नाही. परमिटाचा क्रमांक मिळेपर्यंत मी तारेला हात लावणार नाही, असे साहेबांना ठणकावून सांगण्यासाठी पाठीशी नोकरीची हमी लागते. कायम नोकरी ही सुरक्षिततेचीच एक यंत्रणा आहे, हे आपल्या व्यवस्थापनशास्त्राला अजून उमगलेले नाही.

रुग्णालयांची गोष्ट ह्याहून गुंतागुंतीची. सरकारी रुग्णालयात वीज मीटरपर्यंत आणणे महावितरणचे काम. मीटरच्या आत, म्हणजे इमारतीतील तारा, फळ्या, जनित्र, हे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेचे. यंत्रे रुग्णालयाची, त्यांची देखभाल पुरवठादाराकडे. माणसांचे पगार वैद्यकीय शिक्षण किंवा आरोग्य खात्याचे. वीज गेल्यावर जनित्र दहा-पंधरा सेकंदांत भार उचलील अशी अपेक्षा असते. ते उचलत नाही तेव्हा कारणे अगदी क्षुल्लक निघतात: बॅटरी उतरलेली, डिझेल संपलेले, चेंजओव्हर हाताने फिरवावयाचा आणि खोलीची किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे. मी स्वतः एका आप्ताच्या उशाशी बसलो असताना एका रुग्णालयात हे अनुभवले आहे. अंधारात एक परिचारिका मोबाईलचा उजेड दातांत धरून हाताने फुगा दाबून श्वास देत होती आणि दुसरी किल्ली शोधीत धावत होती. आमचा माणूस वाचला. न वाचता तर गुन्हा त्या दोघींवर नोंदला गेला असता ह्याविषयी मला शंका नाही.

ही अतिशयोक्ती नव्हे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात विजेच्या ठिणगीने आग लागली आणि दहा बाळे दगावली. जिल्हा शल्यचिकित्सकांवर निलंबनाची कारवाई झाली, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपविण्यात आली आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्षाला आग लागून अकरा रुग्ण गेले. अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी स्त्रीला आणि परिचारिकांना. त्या हजर होत्या की नव्हत्या, त्यांनी काय करावयास हवे होते, हे न्यायालय पाहील. पण तारा ओढणारे, त्यांची तपासणी न करणारे, आगप्रतिबंधाच्या प्रस्तावांवर बसून राहणारे हे सारे त्या वेळी कामावर नव्हते, एवढाच त्यांचा निर्दोषपणा. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्याकडे उगाच झालेली नाही.

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बालके होती. त्या मृत्यूंचे कारण वीज नव्हे, म्हणून त्या प्रकरणात मी शिरत नाही. पण त्यानंतर एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करावयास लावले ते आपण सर्वांनी पाहिले. मनुष्यबळ नाही, खाटांहून रुग्ण अधिक, औषध खरेदी रखडलेली. आणि उपाय म्हणून झाडू. त्या झाडूत आणि माझ्या शिपायाच्या मेमोत मला तरी फरक दिसत नाही.

येथे आपल्याच घरातला एक दाखला दिला पाहिजे, नाही तर हे सर्व खाजगी नफ्याचेच पाप आहे असा सोयीचा समज होईल. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलचा स्फोट झाला तो एका चाचणी दरम्यान. आणि ती चाचणी कशाची होती? बाहेरची वीज गेली तर डिझेल जनित्रे भार घेईपर्यंतच्या थोड्या वेळात, फिरत राहिलेल्या टर्बाइनच्या जोरावर पंप चालतील काय, ह्याची. सोव्हिएत सरकारने चालकांना दोषी ठरवले, १९८७ मध्ये संचालक व अभियंत्यांना तुरुंगात धाडले, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटानेही प्रथम तीच री ओढली. १९९२ साली त्याच गटाला आपला निष्कर्ष सुधारावा लागला. अणुभट्टीच्या रचनेतच दोष होता, नियंत्रक दांडे आत घालताना काही क्षण शक्ती वाढू शकत होती, आणि हे चालकांना सांगितलेले नव्हते. तेथे भागधारक नव्हते, नफा नव्हता. तरी वरच्यांची चूक खालच्यांच्या नावे लिहिली गेली. भोपाळमध्ये युनियन कार्बाइडने वायुटाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद करून ठेवली होती, आणि १९८४ च्या त्या रात्रीनंतर कंपनीने दोष दिला तो एका असंतुष्ट कामगाराच्या कथित घातपाताला. मालकी कोणाची हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, आयुष्यभर मी तोच शिकवला. पण ज्याच्या हाती खटका आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न मालकी बदलल्याने आपोआप सुटत नाही, हे आपण कबूल केले पाहिजे.

मग मागावयाचे काय? माझ्या मते अगदी रुक्ष, मोजता येण्याजोग्या गोष्टी मागाव्यात. रुग्णालयाचे जनित्र महिन्यातून एकदा केवळ घुरघुर करून नव्हे, तर मुख्य पुरवठा खरोखर तोडून, पूर्ण भारावर चालवून पाहावे. तो दिवस, किती सेकंदांत भार आला तो आकडा आणि तपासणाऱ्याचे नाव दर्शनी फलकावर लिहावे. डिझेल संपल्यास मंत्रालयाच्या मंजुरीवाचून ते खरेदी करण्याचा अधिकार त्या रात्री हजर असलेल्या अधिकाऱ्याला असावा. रुग्णालय आणि पाणीपुरवठ्याचे एक्स्प्रेस फीडर ज्या उपकेंद्रांतून निघतात तेथे रात्रपाळीला दोन माणसे असावीत आणि दोघेही कायम असावेत. तोंडी परमिट बंद व्हावे. वरिष्ठाने फोनवर आग्रह धरला तर तो फोन नोंदवहीत लिहिण्याची मुभा चालकाला असावी, आणि ती वही विद्युत निरीक्षकाने पाहावी. चौकशी समितीत त्या कामाचा अनुभव असलेला कामगारांचा एक प्रतिनिधी असावा, आणि अहवाल विधिमंडळापुढे यावा. हे सर्व महाग आहे असे कोणी म्हणेल तर त्याला नांदेड आणि लातूर परिमंडळांतील दुसऱ्या चालकांच्या पगाराचा आकडा मांडावयास सांगा. आपण त्याच्यासमोर दुसरा आकडा मांडू.

एक काम मात्र सरकारवर न सोपवता आपल्यालाच करता येईल. वीज कामगार आणि परिचारिका आज प्रथमच ह्या सभागृहात एकत्र बसले आहेत असे मला सांगण्यात आले. फीडर बंद करणारा आणि त्या फीडरवरच्या कक्षात रात्र काढणारी, ह्यांची ओळख ह्यापूर्वीच व्हावयास हवी होती. कोणता फीडर कोणत्या कक्षाला जातो, तो पडला तर फोन कोणाला करावयाचा, जनित्राची किल्ली कोठे असते, हे एका कागदावर लिहून दोन्हीकडे लावावयास कोणाची परवानगी लागत नाही. आजच सभा संपल्यावर मागच्या टेबलावर वही ठेवलेली आहे. प्रत्येकाने आपले उपकेंद्र किंवा कक्ष आणि पाळी तीत लिहून जावे.